मे महिन्यात जाग येते, तेव्हा दरवाजा बंद झालेला असतो

परीक्षा संपल्या की आपल्या घरांत एकच विषय निघतो: सुट्टीत मुलाला काय करायला लावायचं? इंजिनिअरिंग किंवा बीसीए करणारी आपली अनेक मुलं-मुली 'इंटर्नशिप'च्या नावाखाली उलट स्वतःच पैसे भरतात आणि एक छापील प्रमाणपत्र घेऊन येतात. त्याच सुट्टीत काम देणारा, वर मानधनही देणारा एक मार्ग आहे. पण आपल्यापैकी फार थोड्या घरांना तो माहीत आहे.

हा मार्ग म्हणजे 'गुगल समर ऑफ कोड'. 2005 पासून तो दरवर्षी चालतो. ओपन सोर्स म्हणजे असं सॉफ्टवेअर, ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि सुधारता येतो. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेलं लिनक्स याच प्रकारचं. 1991 मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. अशा प्रकल्पांत नवख्यांनी उन्हाळ्यात काम करायचं, जाणत्यांनी शिकवायचं आणि मानधन गुगलने द्यायचं, अशी ही योजना. काम घरूनच होतं. प्रकल्प साधारण 90, 175 किंवा 350 तासांचे असतात. मानधन देशागणिक वेगळं असतं. भारतात मोठ्या प्रकल्पाला अलीकडे 3000 डॉलर मिळतात, तेही काम तपासून टप्प्याटप्प्याने. वयाची अट 18 पूर्ण. 2022 पासून कॉलेजात असण्याची सक्तीही राहिलेली नाही. अर्जाला फी नाही. कोणी त्यासाठी पैसे मागत असेल, तर सरळ फसवणूक समजा.

मग आपली मुलं मागे का? पहिलं कारण वेळापत्रक. संस्थांची यादी फेब्रुवारीत येते, अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारास संपतात. आपण मे महिन्यात चौकशी करतो. खरी तयारी तर आधीच्या दिवाळीपासून हवी. एखादा प्रकल्प निवडायचा, त्यातली छोटी चूक शोधून दुरुस्त करायची, अडलं तर नीट प्रश्न विचारायचा. ज्याचं काम मेंटॉरने आधी पाहिलंय, त्याच्या प्रस्तावाला वजन येतं.

दुसरं कारण घाई. 2020 मध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात टी-शर्ट मिळवण्यासाठी असंख्य लोकांनी दोन-चार शब्द इकडचे तिकडे करून निरर्थक बदल पाठवले. प्रकल्प सांभाळणारे वैतागले आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. आता एआयकडून लिहून घेतलेले प्रस्ताव पाठवण्याचा मोह आहे. तो टाळलेलाच बरा. न समजलेला कोड मेंटॉरच्या दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

तिसरं कारण आपल्या घरातलं आहे. मुलगा रात्री लॅपटॉपवर बसला की 'टाइमपास चाललाय' असं आपण म्हणतो. मुलगी बसली की तिला चार वेळा उठवतो. खरं तर घरून होणारं हे काम आपल्या मुलींसाठी मोठी सोय आहे.

2022 मध्ये केंद्राने मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप बंद केली, पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीही थांबवली. त्याविरुद्ध आवाज उठवायलाच हवा. हा उन्हाळी कार्यक्रम शिष्यवृत्तीची जागा घेऊ शकत नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. स्पर्धा मोठी आहे, बहुतेक प्रस्ताव नाकारले जातात. पण नाकारलेल्या मुलाचंही केलेलं काम त्याच्या नावाने सर्वांसमोर राहतं. नोकरीच्या मुलाखतीत ते दाखवता येतं. पैसे भरून आणलेल्या कागदापेक्षा त्याची किंमत जास्त.

मोहल्ल्यातल्या वाचनालयांनी आणि शिक्षण संस्थांनी नोव्हेंबरपासून आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली, चांगलं इंटरनेट आणि एखादा जाणता माणूस एवढं जरी दिलं, तरी सुरुवात होईल. आणि घरच्यांनी? दार लोटून घ्यावं आणि मुलांना दोन तास शांतपणे बसू द्यावं.