चावी मिळाली, पुढे काय?

खान्देशात ‘घरकुल’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९९० च्या दशकात जळगाव नगरपालिकेने ११ हजारांहून अधिक घरांची योजना आखली. त्यातली थोडीच घरे पूर्ण झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या गैरव्यवहारात ४८ जणांना शिक्षा सुनावली. या सगळ्या काळात चर्चा झाली ती भिंतींची, ठेक्यांची आणि पैशांची. घरात राहायला गेलेल्या माणसांचे पुढे काय होते, ते आज पाहू.

२०१५ पासून प्रधानमंत्री आवास योजनेमुळे आपल्यातल्या अनेकांच्या डोक्यावर पक्के छप्पर आले. घर स्त्रीच्या नावावर किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर असावे, ही त्यातली अट फार चांगली आहे. पण धुळ्याच्या मौलवीगंजमधून किंवा जळगावच्या तांबापुऱ्यातून कुटुंब शहराच्या कडेला गेले, की जुना मोहल्ला मागे राहतो. तिथे अंगणवाडीच्या ताईला कोणत्या घरात लहान मूल आहे ते ठाऊक होते. आशाताई दार ठोठावून लसीची तारीख सांगत होती. सरकारी कागद आला की शेजारचा शिकलेला मुलगा वाचून दाखवत होता. नव्या इमारतीत सगळेच एकमेकांना नवे असतात.

याचा पत्ता शाळेला आधी लागतो. गेल्या वर्षी आमच्या वर्गातली एक मुलगी वरचेवर गैरहजर राहू लागली. चौकशी केली तेव्हा कळले, की विधवा आईचे निराधार योजनेचे पैसे बंद झाले होते, म्हणून मुलगी तिच्याबरोबर कामाला जात होती. आईला वाटले, घर मिळाले म्हणून सरकारने पैसे थांबवले. खरे कारण इतकेच होते, की घर बदलण्याच्या गडबडीत वर्षाचा हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता. दाखला दिल्यावर पैसे पुन्हा सुरू झाले. मधले महिने मात्र मुलीच्या शाळेतून वजा झाले.

म्हणून भगिनींनो, काही गोष्टी ध्यानात ठेवा. विधवा, तलाकशुदा आणि दिव्यांगांसाठी संजय गांधी निराधार योजना आहे, ६५ वर्षांपुढील गरजूंसाठी श्रावणबाळ योजना आहे. दोन्हींचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. दारिद्र्यरेषेखालील घरातला कमावता माणूस ५९ वर्षांच्या आत वारला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात. वडील गमावलेल्या मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे, तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कोर्टाचे काम निघाले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रीला मोफत वकील देते, मग तिचे उत्पन्न कितीही असो.

आपल्या घरांत आणखी एक अडचण असते, ती नावाची. निकाहनाम्यावर उर्दूत ‘शमीम बेगम’, रेशनकार्डावर ‘शमीम बी’, आधारवर ‘शमीमबानो’. बाई एकच, पण संगणकाला त्या तिघी दिसतात आणि अर्ज परत येतो. उर्दू शाळेच्या दाखल्यांवर हे आम्ही रोज पाहतो. आधी एक नाव पक्के करा, आधारवर नाव आणि नवा पत्ता दुरुस्त करून घ्या, मग बाकीचे कागद त्याप्रमाणे करा. रेशनचे धान्य आता दुसऱ्या दुकानातूनही मिळते, पण सुनेचे नाव चढवायचे असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

हे सगळे एकट्या बाईला जमणारे नाही. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक इमारतीत एक वही असावी आणि ती दहावी-बारावी झालेल्या एखाद्या मुलीकडे सोपवावी. कोणत्या घरात विधवा, वृद्ध, दिव्यांग, गरोदर स्त्री, सहा वर्षांखालचे मूल आहे, कुणाचा दाखला कधी द्यायचा आहे, एवढेच त्यात लिहावे. अंगणवाडीच्या ताईला आणि आशाताईला बोलावून ती दाखवावी. अर्ज दिला की पोच घ्यावी, कारण महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत आणि अपिलाची सोय दिली आहे. दलालाला पैसे देऊ नयेत.

रमजानमध्ये आपण जकात काढतो, गरजू घरी शिधा पोहोचवतो. तो महिनाभर पुरतो. शेजारणीला तिच्या हक्काचे दरमहाचे पैसे सुरू करून दिले, तर तिची चूल बारा महिने पेटते आणि तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे, हे आपण जाणतोच. या जुम्म्याला नमाजनंतर इमारतीतल्या चार माणसांनी बसावे आणि वहीचे पहिले पान लिहावे.