खतावणी यंत्रात गेली, मालकी कोणाची?

12 मे 1875 रोजी सुपे येथे जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली, तेव्हा त्यांचा मुख्य रोख पैशाअडक्यावर नव्हता. तो कर्जरोख्यांवर व वह्यांवर होता. हिशोब ज्याच्या ताब्यात, कर्ज त्याच्या मर्जीचे, हे त्या निरक्षर माणसांना पुरते उमगले होते. सरकारलाही ते मान्य करावे लागले आणि 1879 च्या कायद्याने ऋणको शेतकऱ्यास पावती व हिशोबाचा उतारा मागण्याचा अधिकार मिळाला.

सुपे ज्या बारामती तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या भिजणीत कोऱ्हाळे बुद्रुक हे उसाचे गाव आहे. अशा गावांतून आज सावकाराची जागा विकास सोसायटीने घेतली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 अन्वये सभासदाला आपल्या व्यवहाराची नोंद संस्थेच्या कचेरीत पाहण्याचा हक्क आहे. आता ती नोंद यंत्रात जात आहे. देशातील 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास केंद्र सरकारने जून 2022 मध्ये 2,516 कोटी रुपये मंजूर केले. ह्या योजनेचे स्वागतच केले पाहिजे. दुहेरी खतावणी लिहून सभासदास नाडणारे सचिव सहकाराला नवे नाहीत.

परंतु व्याज आकारणारे सूत्र कागदावरून सॉफ्टवेअरमध्ये गेले, म्हणजे ते आपोआप सभासदाच्या नजरेखाली येते असे नाही. मुदतीत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर महाराष्ट्रात शून्य टक्के व्याज आहे. उसाच्या बिलातून झालेल्या वसुलीची एक तारीख चुकली तरी ही सवलत हातची जाते. अशा वेळी ‘संगणकच असे दाखवतो’ हे उत्तर सावकाराच्या ‘वहीत असेच आहे’ ह्या उत्तराहून फारसे निराळे नाही.

परावलंबनाची दुसरी बाजू जुलै 2025 मध्ये उघड झाली. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातेतील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी ह्या कंपनीच्या सेवा तोडल्या. निर्बंध भारताचे नव्हते आणि कंपनीने सेवेचे पैसे भरलेले होते. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर त्या सुरू झाल्या. वकिलांची फौज उभी करणे बड्या कंपनीला परवडले. सोसायटीला ते कसे परवडावे?

ह्यावर मार्ग आहे तो मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा. त्यात प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता, तपासता व बदलता येतो. एका कंत्राटदाराशी पटले नाही तर दुसऱ्याकडून काम करून घेता येते. हे स्वप्नरंजन नव्हे. संस्थांचा सारा हिशोब सांभाळणारी इआरपीनेक्स्ट ही मुक्तस्रोत प्रणाली मुंबईतच घडली आहे. केंद्र सरकारने 2015 मध्येच मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये आपले सुमारे 30,000 संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचा निर्णय घेतला.

मात्र ‘मुक्त’ म्हणजे फुकट, असा समज करून घेणाऱ्यांनी म्युनिकचा अनुभव पाहावा. त्या नगरपालिकेने 2003 मध्ये लिनक्सची वाट धरली आणि 2017 मध्ये ती सोडण्याचे ठरविले. यंत्र चालविणारी, दुरुस्त करणारी माणसे आणि टिकाऊ राजकीय पाठबळ ह्यांवाचून कोणतेही स्वातंत्र्य तगत नाही. महाराष्ट्रात अशी माणसे नाहीत असे कोण म्हणेल? बारामतीच्याच परिसरात अभियांत्रिकी शिकून तरुण पुण्याच्या कंपन्यांत परक्यांचे सॉफ्टवेअर राखण्यासाठी जातात. जिल्हा बँकेने अशा तरुणांचे कायम पथक नेमले, तर त्याचा खर्च परवान्यांवर जाणाऱ्या पैशाइतकाच होईल कदाचित, पण तो पैसा आणि ते ज्ञान जिल्ह्यात राहील.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात. कोऱ्हाळ्यासारख्या गावांतील सभासदांनी तेथे लेखी ठराव मांडावेत: सोसायटीच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड लेखापरीक्षकास व जनतेस खुला असावा, प्रत्येक सभासदास आपले खाते मराठीत, व्याजाच्या मांडणीसह छापून मिळावे, आणि संपूर्ण खतावणीची प्रत दरमहा सोसायटीच्या स्वतःच्या कपाटात असावी.