बेटावरचं भूत आणि पहाणीवरचा बोजा

नदीतलं एखादं बेट विकायला निघालं की गावाच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, 'तिथं काय आहे?' 'ते कुणाचं आहे?' हे कुणी विचारत नाही. काय आहे त्याची उत्तरं मात्र भराभर मिळतात. अमावास्येला दिवा हलतो. बाळंतीण बुडाली होती, ती रडते. आधीच्या मालकाचा वंश बुडाला. एवढं सांगून झालं की मग हळूच भाव सांगितला जातो, आणि तो शेजारच्या शिवारापेक्षा बराच कमी असतो.

इथे ऐकणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "फुकट मिळालं तरी नको गं बाई, लेकराबाळांचं घर आहे आपलं." दुसरा शहरात शिकून आलेला असतो. तो म्हणतो, "भूतबित काही नसतं, स्वस्तात मिळतंय, टाका इसार!" पहिल्याला आपण अडाणी म्हणतो, दुसऱ्याला शहाणा. मला तर दोघेही सारखेच वाटतात, कारण दोघांनीही कागद पाहिलेला नसतो. भुताच्या बाजूने बोला की विरुद्ध बोला, बोलणं भुताचंच होतं, आणि ते चाललेलं असताना जमिनीचे खरे प्रश्न पदराआड जातात. माझं भांडण आहे ते याच्याशी.

मी आमच्या मेहकरच्या बाजूचा विचार करून लिहिते आहे. बुलढाण्याचं पैनगंगेकाठचं मेहकर नव्हे, बीदर जिल्ह्यातलं, भालकी तालुक्यातलं. इकडे नदी मांजरा, घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि आजोबांच्या ट्रंकेत निजामाच्या काळचे उर्दू कागद. समजा, इथल्या एखाद्या बाईने चार पैसे साठवले आणि मांजरेतलं, भुताचं म्हणून बदनाम झालेलं बेट तिच्यापुढे आलं. तिने आधी काय बघायचं?

आधी हे बघायचं, की ते बेट आहे तरी का. मांजरा ही बालाघाटच्या डोंगरात उगवणारी नदी. तिचा स्वभाव काय, तो २०१६ ने सगळ्यांना दाखवला. त्या वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षीचा पावसाळा सरता सरता मांजरा धरण भरलं. अशा नदीतलं बेट उन्हाळ्यात बेट राहत नाही, कोरड्या पात्रातून बैलगाडी जाते. आणि पूर आला की जमीन राहत नाही. वर्षातले काही महिनेच जे बेट असतं, त्याच्या चतुःसीमा लिहायच्या कोणत्या महिन्यातल्या? कोपरगावचं बेट बघा. गोदावरीतल्या त्या बेटावर राघोबादादांचा वाडा होता. एकेकाळी चारी बाजूंनी पाणी, मग पात्र सरकलं आणि बेट एका काठाला लागलं. वाडा पाडून इंग्रज सरकारने त्याचं सामान विकून टाकलं. लोक त्या भागाला अजून बेटच म्हणतात. नदीला खरेदीखत वाचता येत नाही, बायांनो.

मग प्रश्न मालकीचा. कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्याचं कलम ६७ सांगतं की नद्या, नाले, तलाव यांची पात्रं दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध होत नसेल तर सरकारची. महाराष्ट्रातही नियम असाच आहे. म्हणजे गाळ साचून पात्रात वर आलेला उंचवटा कुणी 'आमचा वडिलोपार्जित' म्हणून विकायला काढला, तर त्याला सर्व्हे नंबर आहे का, पहाणीत नाव कुणाचं, क्षेत्र किती, आणि तेवढं क्षेत्र मोजणीत आज जागेवर भरतं का, हे आधी विचारायचं. सर्व्हे नंबरचा तुकडा घ्यायचा असेल तर ११-ई नकाशा लागतो. भालकीच्या सबरजिस्ट्रार कचेरीतून बोजाचा दाखला काढावा लागतो, ज्याला इकडे सगळे ईसी म्हणतात. बँकेचं, सोसायटीचं कर्ज तिथे दिसतं. मांत्रिकाला पैसे मोजून भूत एक वेळ उतरवता येईल, बोजा असा उतरत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण नदीकाठच्या पट्ट्यात ती फार जणांना नडते. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. १९७८ चा कायदा आहे तसा. झालेली विक्री रद्द होते आणि जमीन मूळ कुटुंबाकडे जाते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर ती परत मागायला मुदतही राहिलेली नाही. ज्यांची जमीन, त्यांना ती मिळायलाच हवी. 'स्वस्त होती म्हणून घेतली' हे उत्तर तिथे चालत नाही, आणि चालूही नये.

पूर्वीचा मालक गाव सोडून गेला असेल तर का गेला, तेही विचारा. १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत या बीदर जिल्ह्यातून किती कुटुंबं घरं-शेतं टाकून गेली, हे जुन्या बायकांना विचारलं तर त्या आवाज खाली करून सांगतात. पळून गेलेल्या माणसाच्या शेतावर भूत फार लवकर येतं. भूत आलं की तिकडे कुणी फिरकत नाही, आणि कुणी फिरकत नाही तोवर दुसऱ्या कुणाची तरी नांगरट बिनबोभाट चालते. नदीपात्रात रात्री दिवे हलताना दिसले तर आधी ट्रॅक्टरचा आवाज येतो का ते ऐका. वाळू काही आपण होऊन चालत जात नाही.

हे सगळं वाचायचं कुणी? पहाणी कन्नडमध्ये, जुना कागद उर्दूत, आणि बाईला येते मराठी. मग ती दिराला विचारते, दीर दलालाला विचारतो, आणि दलाल सांगतो, "वहिनी, कागद क्लिअर आहे, फक्त जरा त्या जागेचं ते आहे." ते म्हणजे भूत. एवढा एकच दोष तो प्रामाणिकपणे कबूल करतो, बाकीचे गिळतो. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा म्हणतो, जमिनीतला किंवा मालकीहक्कातला जो दोष घेणाऱ्याला साध्या चौकशीने कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. आपल्याकडे सांगतात भुताचं, आणि झाकतात वारसाचं.

परदेशातही हा गोंधळ झालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली एका न्यायालयाने भुताचं म्हणून गाजलेल्या घराचा सौदा मोडायची मुभा घेणाऱ्याला दिली. घराची ख्याती विकणारीनेच पसरवली होती, आणि बाहेरून आलेल्या घेणाऱ्याला ती माहीत नव्हती. भूत आहे की नाही हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. किमतीवर परिणाम करणारी गोष्ट लपवली का, एवढंच बघायचं होतं. आपणही तेवढंच बघायला शिकलं तरी पुष्कळ.

आता वाटेकडे वळते. बेटावर जायला वाट कुठून, हा प्रश्न पुरुषाला गमतीचा वाटतो, बाईला तो जिवाचा असतो. यादगीर जिल्ह्यात कृष्णेत नीलकंठरायनगड्डी म्हणून बेट आहे. गड्डी म्हणजे कन्नडमध्ये बेटच. तिथे माणसं राहतात, शेती करतात. २०१४ च्या जुलैअखेर नदी भरून वाहत होती. नऊ महिने भरलेल्या एका बाईने अंगाला वाळलेले भोपळे बांधले, वडील आणि भाऊ सोबत घेतले आणि पुरातून पोहत पैलतीर गाठला. बाळंतपण बेटावर नको, दवाखान्यात हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं. वर्तमानपत्रांनी तिचं धाडस छापलं. मला ते वाचून धाडसापेक्षा दुसरंच दिसलं. ती त्या पुरात बुडाली असती, तर पुढच्या अमावास्येपासून ती 'बाळंतीण' झाली असती, आणि गावाने पुलाची मागणी करायच्या ऐवजी नारळ फोडला असता. नदीकाठच्या कितीतरी हडळी अशाच न झालेल्या पुलांच्या आहेत!

बायकांचा आणि भुताचा संबंध इथेच संपत नाही. बीदर-कलबुर्गीपासून लातूरपर्यंतचा हा पट्टा भानामतीसाठी बदनाम आहे. पलीकडे तेलंगणात मेदकच्या बाजूला भानामतीच्या संशयावरून माणसांचे दात पाडल्याच्या घटना झाल्या आहेत. झारखंडात 'डायन' ठरवलेल्या बाईच्या प्रकरणात जमिनीचा वाद निघतो, हे तिथे काम करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. महाराष्ट्राने २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर, जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. कर्नाटकाने २०१७ साली. कायदे कागदावर आले, पण घरातली वाटणी अजून जुन्याच कायद्याने होते.

ती कशी होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. वारसाहक्क कायदा आपल्या जैन घरांनाही लागू आहे. २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. बाप त्या वेळी हयात नसला तरी तो बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मग भाऊ आधी हक्कसोड मागतो. बहीण नाही म्हणाली की वाटणीत तिच्याकडे येतो तो नदीकडचा, वाट नसलेला, 'तसला' तुकडा. ती विकायला काढते तेव्हा सगळ्या गावाला भूत आठवतं आणि भाव पडतो. आणि कधी कधी तो पडलेल्या भावात घेणारा भाऊच असतो. भावाने घेतलं की ते भूत एका रात्रीत गाव सोडून जातं. पुढच्या हंगामात तिथे ऊस उभा!

म्हणून स्वस्त बेट घ्यायला निघालेल्या बाईनेही विचारावं, हे स्वस्त कुणाच्या जिवावर आहे? विकणारी एकटी आहे का? विधवा आहे का? तिला कुणी घाबरवलं आहे का? २०२० साली कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली ७९ अ आणि ७९ ब ही कलमं काढून टाकली. पलीकडे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, इकडे आता घेता येते. पुण्या-हैदराबादचे पैसेवाले भालकीपर्यंत यायला मोकळे झाले. त्यांना भुताची भीती नाही, उलट भूत त्यांच्या फायद्याचं आहे.

आता थोडं घरातलं. आपण भूत म्हणत नाही, व्यंतर म्हणतो, आणि तेवढ्यावर स्वतःला वेगळं समजतो. व्यंतर देवांचे आठ प्रकार पाठशाळेत पाठ केलेल्या आपण. किन्नरापासून सुरू होतात, शेवटी भूत आणि पिशाच येतात. ते मानायचे असतील त्यांनी मानावेत. पण त्यांच्या नावाने जमिनीचा भाव पाडा, असं कोणत्या आचार्यांनी सांगितलं? समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात लोकमूढता समजावताना नदीतल्या स्नानाची आणि वाळू-दगडांचे ढीग रचण्याचीच उदाहरणं घेतली. नदीकाठच्या भीतीला आणि भक्तीला ते तेव्हाच ओळखून होते. आणि अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोराने आणलेला माल घेणंही येतं. स्वतः चोरी केली नाही, फक्त स्वस्तात घेतलं, ही पळवाट त्यांनी केव्हाच बुजवली आहे. घाबरवलेल्या बाईकडून पाडलेल्या भावात घेतलेली जमीन त्यात बसते का, हे ज्याचं त्याने प्रतिक्रमणाला बसल्यावर ठरवावं.

तर घेऊ नये का? घ्या की! बाईच्या नावावर जमीन व्हावी, यासाठी तर एवढं लिहिलं. व्हेनिसजवळ पोवेलिया नावाचं बेट आहे, भुताचं म्हणून जगभर गाजलेलं. २०१४ साली इटलीच्या सरकारने ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी लिलावात काढलं. एका धनिकाने ५ लाख १३ हजार युरोंची बोली लावली. तिथले साधे रहिवासी पुढे आले, बेट सगळ्यांचं राहावं म्हणून माणशी ९९ युरो वर्गणी जमवू लागले. शेवटी धनिकाची बोली कमी म्हणून नाकारली गेली. त्या माणसांनी भुताची चर्चा केली नाही, पैशांची आणि पट्ट्याची केली. आपल्या बचत गटांनाही हे जमेल.

पण घ्याल तेव्हा खरेदीखतावर नाव तुमचं हवं, नवऱ्याच्या जोडीला 'आणि सौ.' म्हणून नव्हे. कन्नड कागद दलालाकडून नको, पैसे मोजून स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या. जागा एकदा मे महिन्यात बघा आणि एकदा सप्टेंबरात. पुराची खूण झाडाच्या बुंध्यावर कुठवर आहे ते हात लावून बघा. होडी कुणाची, आणि ती रात्री मिळते का, ते विचारा. एवढं झाल्यावर भुताचा विचार करायला वेळ उरला तर करा.

आणि ज्या बहिणींना माहेरच्या वाटणीत तसला तुकडा मिळतो आहे, त्यांनी भांडू नये, रडू नये. भावाला शांतपणे म्हणावं, "दादा, तू पुरुषमाणूस, तुला कशाची भीती? भुताचा तुकडा तू ठेव, विहिरीजवळचा मला दे." मग तो काय उत्तर देतो, ते नीट ऐकावं.