गाव शहरात जातं, तेव्हा वस्तीचं दप्तर कुठे जातं?

महापालिकेची हद्दवाढ जाहीर झाली की गावात चार गोष्टींची चर्चा सुरू होते. जमिनीचा भाव किती चढणार, घरपट्टी किती वाढणार, नळाला पाणी कधी येणार आणि सरपंचाचा नगरसेवक होणार की नाही. पाचवा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि आमच्या मते आपल्या वस्तीसाठी तोच पहिला आहे. ग्रामपंचायतीचं दप्तर महापालिकेच्या संगणकात कोण भरणार, कशावरून भरणार आणि भरताना कोणाची नोंद गळणार?

आपले कार्यकर्तेही हा प्रश्न 'टेक्निकल' म्हणून आयटीवाल्यांवर सोडून देतात. पुतळ्याच्या जागेसाठी, वाचनालयासाठी आपण रस्त्यावर उतरतो आणि उतरलंच पाहिजे. पण वस्तीतली साठ घरं संगणकात 'आढळत नाही' झाली, तर त्यासाठी मोर्चा निघत नाही. कारण ते कळेपर्यंत दहा वर्षं गेलेली असतात.

सोलापूरकरांना हे लांबचं वाटू नये. आपली महापालिका १ मे १९६४ ला झाली. १९९२ साली हद्दवाढ झाली आणि अकरा गावं शहरात आली. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी ही त्यातलीच. शहराचं क्षेत्र साधारण ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ वर गेलं, म्हणजे पाचपटीहून जास्त. आज तीस वर्षं उलटून गेली. तरी नवी पेठेत कोणालाही विचारा, तो भाग अजून 'हद्दवाढ भाग'च आहे. महापालिकेच्या कर खात्याच्या भाषेतही शहर वेगळं, हद्दवाढ वेगळी आणि 'गवसु' वेगळं. गवसु म्हणजे गलिच्छ वस्ती सुधार. ज्या माणसाची कराची नोंदच 'गलिच्छ' या शब्दाखाली होते, तो बहुतेक वेळा कोणत्या समाजाचा असतो हे या वाचकांना सांगायची गरज नाही.

१९९२ ची हद्दवाढ वह्यांची होती. गठ्ठे बांधून नोंदवह्या गेल्या, संगणक नंतर आला. वहीचे हजार दोष असतील, पण वहीत खाडाखोड दिसते. कोणत्या शाईने कधी लिहिलं, कोणी सही केली, हे निदान वकिलाला दाखवता येतं. यापुढची प्रत्येक हद्दवाढ थेट संगणकात होणार आहे. आणि संगणकाचा कारभार कोणाच्या हाती? जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं. त्यासाठी वेगळी कंपनी निघाली आणि शहराच्या तंत्रज्ञानाचे निर्णय सभागृहाऐवजी संचालक मंडळात होऊ लागले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून पुढची काही वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक होता. राखीव जागेवरून निवडून गेलेला आपला नगरसेवक कसाही असो, त्याला घरी जाऊन जाब विचारता येतो. प्रशासकाच्या घरी कोण जाणार?

आता दप्तरात नेमकं काय असतं ते पाहू, कारण सगळा डाव तिथे आहे.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. नमुना ९ म्हणजे कराची मागणी. नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, असं तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळे सांगतात, आणि कायद्याने ते बरोबरही आहे. पण ज्याच्याकडे सातबारा नाही, खरेदीखत नाही, सिटी सर्व्हेचा उतारा नाही, त्याच्याकडे दाखवायला तेवढंच असतं. आपली किती घरं गावठाणाच्या आत आहेत? किती गायरानावर आहेत? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, हजारो माणसं तुरुंगात गेली, त्यातून पडीक आणि गायरान जमिनीवरचा हक्क हा राज्याचा प्रश्न झाला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची मागासवर्गीयांची शेतीची अतिक्रमणं नियमित करण्याचा १९९१ चा शासन निर्णय त्याच लढ्याच्या वाटेवर येतो. शहरातल्या झोपडीला संरक्षण मिळतं तेही तारखेवर. १ जानेवारी २०००, किंवा पैसे भरून घर घ्यायचं तर १ जानेवारी २०११.

म्हणजे आपल्या माणसाच्या डोक्यावरचं छप्पर एका तारखेवर टिकून आहे. ती तारीख कुठे लिहिलेली असते? तलाठ्याकडच्या एक-ई नोंदवहीत, नमुना ८ च्या जुन्या पानावर, घरपट्टीच्या पिवळ्या पडलेल्या पावतीवर.

आता हे पान संगणकात भरलं जातं तेव्हा काय होऊ शकतं ते बघा. सॉफ्टवेअरमध्ये प्रथम आकारणीचं वर्ष असा रकाना असतो. तो रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही. जुनं वर्ष वाचता येत नाही, वही भिजलेली आहे, आणि कंत्राटदाराच्या पोराला नोंदीमागे पैसे मिळतात. तो काय करेल? सगळ्यांना एकच तारीख टाकेल, विलीनीकरणाची. त्याच्या मनात जात नसेल, द्वेषही नसेल. पण १९८५ पासून राहणारं कुटुंब एका दिवसात कालचं अतिक्रमण होऊन बसेल. पाटलाच्या वाड्याला याने फरक पडत नाही, त्याच्याकडे मालकीचे दुसरे चार कागद आहेत. चूक सगळ्यांसाठी सारखीच होते, तिचा दंड मात्र ज्याच्याकडे एकच कागद आहे तो भरतो.

२४ एप्रिल २०२० ला केंद्राने स्वामित्व योजना आणली, ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक द्यायचं. चांगली योजना आहे, आम्ही विरोधात नाही. पण ती मोजते गावठाण. गायरानावरची वस्ती ड्रोनच्या फोटोत दिसते, पत्रकात दिसत नाही.

नावांचं दुखणं वेगळंच. जुन्या नोंदी ज्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केल्या होत्या त्या युनिकोडमध्ये नेल्या की जोडाक्षरं फुटतात. मग कोणीतरी हाताने दुरुस्त करतो, इंग्रजीत लिहितो. इंग्रजीत एकाच 'कांबळे'चं स्पेलिंग कुठे एका ए ने कमी, कुठे एका ए ने जास्त. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, महापालिकेत तिसरं. नवी पेठेत झेरॉक्सच्या आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांपुढे थोडा वेळ उभे राहा, एका अक्षरासाठी दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बाया भेटतील. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू आहे आणि त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलासाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंतचा मुख्य कागद आहे. गावात ही नोंद ग्रामसेवकाकडे, शहरात महापालिकेकडे. नेमक्या विलीनीकरणाच्या महिन्यांत जन्मलेल्या लेकराची नोंद कोणाकडे, हे दोन्ही कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवून सांगायचं नसतं. आणि धर्माच्या यादीत 'बौद्ध' हा पर्याय सरळ दिसला पाहिजे, 'इतर' नव्हे. १९५६ ला दीक्षा घेतली ती 'इतर' व्हायला नाही.

वस्तीच्या नावाचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. फलक बदलले. पण संगणकात पत्त्याची जी यादी उघडते ती जुन्याच दप्तरावरून आली, तर बदललेलं जुनं नाव मागच्या दाराने परत येतं आणि प्रत्येक दाखल्यावर छापलं जातं.

योजनांचं काय होतं? गाव ग्रामीण असतं तेव्हा वस्तीचा विकास जिल्हा परिषदेच्या बृहत आराखड्यातून होतो, अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांसाठीच्या योजनेतून. शहरात हेच काम लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजनेतून. दोन खाती, दोन याद्या, दोन संगणक प्रणाली. गाव शहरात गेलं की पहिल्या यादीतून नाव आपोआप निघतं. दुसऱ्या यादीत ते घालावं लागतं, आपोआप येत नाही. ग्रामीण घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत नंबर लागलेला माणूस शहरी योजनेत पुन्हा शेवटच्या नंबरला. रोजगार हमीचं जॉबकार्ड गेलं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करण्याचं बंधन आहे. त्या निधीतला न खर्चलेला शिल्लक पैसा महापालिकेच्या कोणत्या खात्यात जमा झाला, हे आम्ही आजवर कोणाला विचारताना ऐकलेलं नाही. विचारा.

काही मित्र म्हणतात, तुम्ही उगाच भीती घालता; संगणकाला जात नसते, उलट ग्रामसेवकाच्या आणि पाटलाच्या तावडीतून नोंद सुटते. या म्हणण्यात खरं आहे, आणि ते आम्ही मानतो. गावाबद्दल बाबासाहेबांना कसलाही उमाळा नव्हता. १९३२ साली मुंबईच्या विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांच्या राखीव प्रतिनिधित्वाशिवाय पंचायतींच्या हाती सत्ता द्यायला विरोध केला होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावगाड्याची त्यांनी जी चिरफाड केली ती सर्वांना माहीत आहे. गाव शहरात गेलं म्हणून आम्ही गळा काढणार नाही. महारवतनात आपल्या आज्यापणज्याने सरकारी पट्टीचा पैसा आणि निरोप डोक्यावर वाहिले, पण वही कुलकर्ण्याच्या हातात होती. ती वही संपावी हीच आपली इच्छा. पण वहीतला मजकूर जसाच्या तसा संगणकात गेला, तर कुलकर्णी निवृत्त होतो आणि त्याचं हस्ताक्षर कायम राहतं.

शेवटच्या घटकेला लेखणी कोणाच्या हातात असते हे पुण्याने दाखवलं आहे. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ आणि जून २०२१ ला २३ गावं आली. त्या २३ गावांत विलीनीकरणाच्या तोंडावर ग्रामपंचायतींनी भरमसाट नोकरभरती दाखवल्याच्या तक्रारी झाल्या, जिल्हा परिषदेला चौकशी करावी लागली. म्हणजे ज्यांना दप्तर उघडता येत होतं त्यांनी घाईघाईने आपली माणसं आत लिहून घेतली. गटार उपसणाऱ्याची किती वर्षांची सेवा त्या दप्तरात होती, असा प्रश्न कोणी केला?

पुढे २०२४ मध्ये त्यातल्याच फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांना बाहेर काढून वेगळी नगरपरिषद झाली. सात वर्षांत दप्तर ग्रामपंचायतीतून महापालिकेत आणि तिथून नगरपरिषदेत. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचा प्रवास याहून लांब, १९८३ ला आत, २००२ ला बाहेर, २०१५ ला परत आत. राजकारण्यांना गाव इकडून तिकडे नेणं म्हणजे नकाशावरची रेघ. प्रत्येक रेघेला एक नवी प्रणाली आणि प्रत्येक प्रणालीला थोडी थोडी गळती.

हे असंच व्हावं लागतं असंही नाही. डेन्मार्कने १ जानेवारी २००७ ला २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या. नव्या पालिकांची निवडणूक त्यांनी नोव्हेंबर २००५ मध्येच घेतली आणि निवडून आलेल्यांनी वर्षभर फक्त जोडणीचं काम केलं. कोणती प्रणाली ठेवायची, कोणता डेटा कसा न्यायचा, याला उत्तरदायी माणसं होती. आपल्याकडे अधिसूचना निघते आणि ग्रामपंचायत बरखास्त होते. जोडणी करतो तो बदलीवर आलेला अधिकारी आणि निविदा मिळालेला कंत्राटदार. डेन्मार्कमध्ये जात नाही, तरी त्यांना एक वर्ष लागलं.

म्हणून हद्दवाढीच्या प्रारूप अधिसूचनेवर हरकती मागवतात त्या मुदतीत आपली हरकत गेली पाहिजे. फक्त घरपट्टीवर नव्हे, दप्तरावर. जुना नमुना ८ चा क्रमांक आणि मूळ वर्ष नव्या नोंदीत कायम राहील, एवढं लेखी घ्या. संगणकातली यादी अंतिम करण्याआधी वस्तीत, समाजमंदिरात, मोठ्याने वाचली जावी. ऑनलाइन टाकली म्हणजे वाचली असं होत नाही. मूळ नोंदवह्या नष्ट करू नयेत. आणि कोणी काही देईल याची वाट न पाहता आपल्या वस्तीच्या नमुना ८, नमुना ९, एक-ई, जन्म-मृत्यू नोंदवही आणि घरकुल प्रतीक्षा यादीच्या साक्षांकित प्रती माहिती अधिकारात ग्रामपंचायत अस्तित्वात असतानाच काढून ठेवा. बरखास्तीनंतर 'दप्तर प्राप्त नाही' हे उत्तर तयार असतं.

संगणक येणारी आपली पोरं आता प्रत्येक वस्तीत आहेत. इंजिनिअर आहेत, डेटा एन्ट्रीला जाणारी आहेत, नवी पेठेत मोबाईल दुरुस्त करणारी आहेत. दोन रविवार दिले तर शंभर घरांच्या पावत्यांचे फोटो घराघराच्या नावाने लावून होतात. घरधन्याचं नाव आधारवर जसं आहे तसं, बाईचं नाव सोबत, सर्वांत जुन्या पावतीचं वर्ष वर. एक प्रत वस्तीत, एक विहारात, एक वकिलाकडे. जिथे हद्दवाढीची नुसती कुजबुज आहे तिथल्या शाखांनी हे काम येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीच्या बैठकीतच वाटून घ्यावं.

जय भीम.