शेळ्या कोणाच्या बांधावर चारू, साहेब?



आपल्या जिल्ह्यात सध्या एक मंत्र जोरात आहे. नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा. यवतमाळात प्रशिक्षणाला बसा नाहीतर पुसदला, मंत्र तोच. पुढे उभा राहणारा इस्त्रीच्या शर्टातला माणूस सांगतो, 'बाजाराला जात नसते.' मग टाळ्या. मग चहा. अन् शेवटी हातात काय? दहा शेळ्या अन् एक बोकड, अर्ज भरा.

मला या माणसाशी भांडायचं आहे. पण त्याआधी आपल्यातल्या काहींशी. धंद्याचं नाव काढलं की हे नाक मुरडतात. म्हणतात, ही बनियागिरी, हे चळवळीचं काम नव्हे. बरं गड्या, मग काय करतोस? भरतीची जाहिरात येईल म्हणून चार-चार वर्षं वाट पाहतो अन् तोवर दुसऱ्याच्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन फवारतो. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं मेली. त्यांत शेतकरी होते तसे मजूरही होते. मजुरी काही चळवळीचं काम नाही, तीही दुसऱ्याच्या भांडवलाची चाकरीच आहे. फक्त तिच्यात हिशेबाची वही आपल्या हातात नसते, एवढंच.

धंदा आपल्या रक्तात नाही म्हणतात. खोटं आहे. विदर्भातला महार जाडंभरडं कापड विणायचा अन् बाजारात विकायचा. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, कापूस रेल्वेनं बाहेर जाऊ लागला, गिरणीचं कापड आत येऊ लागलं. नागपूरला १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. मागावरचा माणूस गिरणीच्या फाटकावर नाहीतर शेताच्या बांधावर गेला. आपण धंदा सोडला नाही, तो आपल्या हातातून गेला.

आता त्या साहेबाच्या वाक्याकडे येतो. बाजाराला जात नसते! अरे, बाबासाहेबांना विचारा. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर त्यांनी शेअर आणि रोख्यांबद्दल सल्ला देणारी कंपनी काढली. परदेशातून अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. गिऱ्हाईक यायचंही. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं अन् गिऱ्हाईक आटलं. कंपनी बंद. ज्ञान कमी होतं का? भांडवल कमी होतं का? प्रकल्प अहवालात यंत्रसामग्रीचा रकाना असतो, कच्च्या मालाचा असतो, खेळत्या भांडवलाचा असतो. तुझ्या हातचं कोण घेईल, हा रकाना कोणत्याच अहवालात नसतो.

म्हणून मी सांगतो, तो रकाना आपण स्वतः आखायचा. सगळ्यांत वर.

शेळ्यांचंच बघा. अनुसूचित जातीला ७५ टक्के अनुदान, कागदावर झकास. पण शेळी कागद खात नाही. आपल्या घरी शेत नाही, गायरान कोणी ना कोणी दाबलेलं, अन् पाटलाच्या धुऱ्यावर तोंड घातलं की शेळीही कोंडवाड्यात अन् पोरगाही मारात. चारा विकत घेऊन शेळी पाळायची तर नफा शेळीनंच खाल्ला म्हणा. वर एकाच वस्तीत वीस जणांनी एकाच वर्षी शेळ्या घेतल्या की विकताना भाव खाटीक ठरवतो. ज्याला जमीन आहे त्यानं खुशाल पाळाव्यात. भूमिहीनाला पहिल्यांदा चराईचा हक्क द्या, मग बोकड द्या.

दूध, खानावळ, चहाची टपरी, हेही तपासून घ्या. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित बाईनं शाळेत स्वयंपाक केला म्हणून सवर्णांची पोरं जेवली नाहीत. फुकटचं जेवण नाकारलं, तर मग विकतचं कोण घेईल? तालुक्याच्या स्टँडवर चालेल, तिथं कोण कोणाला ओळखतो. गावात गावकी आधी बसते, गिऱ्हाईक नंतर.

दुधाला विटाळ आहे, लोखंडाला नाही. फवारणीचा पंप बिघडला की पाटील आपल्या पोराकडे धावत येतो अन् जात विचारत नाही, कारण कपाशीवर बोंडअळी बसलेली असते. आमच्याकडच्या चार पोरांसोबत बसून मी याचा हिशेब मांडला. जुलै ते ऑक्टोबर पंप दुरुस्ती. वॉशर, नोझल, पट्टा, बॅटरी, चार्जर. गळका पंप म्हणजे मजुराच्या पाठीवर विष, तेव्हा हे कामही आपल्याच माणसाच्या जिवाचं आहे. पुढे हरभऱ्याला पाणी सुरू झालं की मोटारी जळतात, तिथं वाइंडिंग. एप्रिल-मेमध्ये कूलर. हत्यारं जवळपास तीच, बारा महिने काम. दोघांनी दुकानात बसायचं, दोघांनी मजुरी सोडायची नाही, एक हंगाम पूर्ण होईस्तोवर तरी.

खरा काटा उधारीचा आहे. पंप बिघडतो ऑगस्टमध्ये अन् कापसाचा पैसा येतो दिवाळीच्या पुढेमागे. म्हणजे दोन-तीन महिने आपला पैसा दुसऱ्याच्या शेतात. अन् वसुलीला जायचं कोणाच्या दारात? ज्याच्याकडे आपला बाप कामाला आहे त्याच्या! 'काऊन बे, लय मोठा झाला का?' हे ऐकून पोरगं परत येतं. म्हणून दुकान आपल्या गावात नको, आठवडी बाजाराच्या गावात टाका. किरकोळ कामाला रोख, बॅटरीला अर्धे आधी. आपल्या माणसालाही हाच नियम, मग कोणी रुसो.

भांडवलाचं मात्र सरकारनं उत्तर द्यावं. महात्मा फुले महामंडळ १९७८ साली निघालं. त्याच्या ५० टक्के अनुदान योजनेत अनुदानाची कमाल रक्कम कित्येक वर्षं दहा हजार रुपये होती. दहा हजारांत दुकानाचं शटर येत नाही. २०१६ ची स्टँड-अप इंडिया दहा लाखांपासून सुरू होती. आपल्याला लागतात चाळीस-पन्नास हजार. त्यासाठी मुद्राचं शिशु कर्ज आहे, विनातारण. त्याच कर्जाला एका बँकेतल्या साहेबानं आमच्या पोराला सातबारा मागितला. सातबारा असता तर तुझ्या टेबलासमोर उभा राहिला असता का, राजा? अन् २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले. बहिणींना जरूर द्या, त्यांत आमच्याही बहिणी आहेत. पण दलितांच्या पेटीतून काढून का? आंध्र आणि कर्नाटकानं २०१३ सालीच या निधीसाठी कायदा केला. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय भाषण सुरू न करणाऱ्या महाराष्ट्रानं काय केलं?

नोकऱ्या देणाऱ्या एकट्यादुकट्या शेठचं कौतुक मला नको. कामठीचे बाबू हरदास आठवा. जयभीम हा शब्द ज्यांच्यामुळे आपल्या तोंडी आला असं आपण मानतो, ते हरदास. त्यांनी बिडी मजुरांची संघटना बांधली अन् ठेकेदाराच्या तावडीतून त्यांना सोडवायला सहकारी तत्त्वावर बिडीचं काम सुरू केलं. १९३९ साली अगदी तरुणपणी गेले. आपण त्यांचा नमस्कार घेतला अन् हिशेबाची वही तिथंच ठेवली.

तर झरी, मारेगाव, घाटंजी, आर्णीकडच्या पोरांनी पुढच्या बैठकीला भाषण लिहून आणू नये. आपल्या गावात पंप किती, मोटारी किती, दुरुस्तीला सध्या कुठं नेतात अन् किती देतात, हे मोजून आणावं. बँकेनं कर्ज नाकारलं असेल तर नकार लेखी मागावा, अन् तो कागद सोबत आणावा. त्या कागदांचा गठ्ठा घेऊन आपल्याला यवतमाळला कलेक्टर कचेरीवर जायचं आहे.