खाडीकाठचा गोठा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, टोमालेस खाडीच्या काठी मार्शल हे लहानसे गाव आहे. नाझी राजवटीमुळे जर्मनीस मुकलेल्या बिल स्ट्रॉस यांनी १९४१ मध्ये तेथे अवघ्या २३ गाईंवर दुग्धव्यवसाय आरंभिला. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळ्यात कुरणे वाळतात. पावसाळा सरल्यावर कोकणातील गुरांची जी अवस्था होते, ती पाहता ही अडचण आपल्या शेतकऱ्यास निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

१९७७ मध्ये दुग्धशास्त्राचे शिक्षण पुरे करून त्यांचे पुत्र आल्बर्ट घरच्या व्यवसायात आले. १९९४ मध्ये त्यांचा गोठा मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील पहिला प्रमाणित सेंद्रिय गोठा ठरला. या घराण्याचा गौरव बहुधा याच गोष्टीसाठी होतो. वास्तविक त्याच वर्षी त्यांनी आपले दूध स्वतः काचेच्या बाटल्यांत भरून विकण्यास प्रारंभ केला, ही गोष्ट अधिक मोलाची मानावी लागेल. तत्पूर्वी चारा महागो वा न महागो, दुधाचा भाव दुसरेच ठरवीत. अशा व्यवहारात परिसरातील अनेक लहान गोठे बंद पडले. बाटलीबरोबर तो भाव ठरविण्याचा अधिकार घरी आला. २००४ मध्ये शेणापासून वायू काढून त्यावर वीज निर्माण करण्याची सोय झाली. गोबर गॅसची ओळख आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीची!

परंतु जमीनच गेली तर गोठा कोठे बांधावा? शहराजवळची ही रम्य किनारपट्टी घरबांधणीच्या डोळ्यांत भरली होती. १९८० मध्ये बिल यांच्या पत्नी एलेन स्ट्रॉस व जीवशास्त्रज्ञ फिलिस फेबर यांनी शेतजमीन रक्षणाचा एक न्यास स्थापिला. हा न्यास शेतकऱ्यास मोबदला देऊन केवळ बांधकामाचा हक्क विकत घेतो. जमीन शेतकऱ्याच्याच मालकीची राहते.

कोकणातही समुद्राकडची जमीन बंगल्यांसाठी विकली जात असता, आपले विस्तार कार्यकर्ते गोठ्याची योजना सांगताना गाईची जात व आंबोण येथेच थांबतात, हे योग्य नव्हे. बाटल्या भरण्याची यंत्रे एका घराने आणणे येथे बहुधा झेपणार नाही. ते काम सहकारी दूध संस्थेचे आहे. म्हणून गोठ्याची लांबीरुंदी मोजण्यापूर्वी कार्यकर्त्याने शेतकऱ्याजवळ बसून एवढे विचारावे : दूध कोण नेतो, स्निग्धांश कोणासमोर मोजला जातो, आणि पैसे किती दिवसांनी हाती पडतात?