भंगारातले भिंग आणि वैशाखाचे ऊन

वैशाखात लांजीच्या जुन्या किल्ल्याच्या दगडांवर हात ठेववत नाही. अशाच एका दुपारी एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, जुन्या दूरचित्रवाणी संचातल्या भिंगाने म्हणे उन्हात लाकूड पेटते. मग माझ्या आईला मोळीसाठी रानात का जावे लागते?" प्रश्न लहानाचा खरा, पण थोरांनाही विचार करावयास लावणारा आहे.

लाकूड पेटते ही गोष्ट खरी आहे. मात्र प्रत्येक संचात असे भिंग नसते. मोठ्या पडद्याच्या काही जुन्या संचांत आतील प्रक्षेपक पाठीमागून पडद्यावर चित्र टाकीत. त्या पडद्याला लागून प्लास्टिकचा एक सपाट, पातळ तक्ता असे; त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक वर्तुळाकार खाचा असत. हेच ते भिंग. जाड भिंगातील निरुपयोगी काच वगळून त्याची वक्रता तेवढी कड्याकड्यांनी राखावी, ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल याने दीपगृहांसाठी योजिली व १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआं दीपगृहात ती प्रथम उजळली. आमच्या घरची बोली कोकणी. समुद्रकाठच्या माणसास दीपगृहाचे मोल सांगावे लागत नाही. जे भिंग दिव्याचा प्रकाश दूर फेकते, तेच उलट दिशेने सूर्याचे ऊन एका बिंदूत गोळा करते.

परंतु गोळा करणे म्हणजे निर्माण करणे नव्हे. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट एवढीच सौरशक्ती पडते. ५० इंची संचाच्या भिंगाचे क्षेत्रफळ सुमारे पाऊण चौरस मीटरच भरते. त्या बिंदूत लाकूड क्षणात पेटेल. पण भांड्याचा तळ एका ठिकाणी करपेल व बाकीचा कोमटच राहील. शिवाय सूर्य सरकतो, तसे भिंगही सतत फिरवावे लागते. चुलीला प्रखर बिंदू नको, पुरेसे क्षेत्र हवे. १८७८ साली विल्यम ॲडम्स यांनी उन्हाला इंधनाची जागा देण्याविषयी मुंबईत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी अनेक सपाट आरसे जोडूनच पाण्याची वाफ केली होती. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली वाफेवर अन्न शिजविण्याची सोय झाली, तीही ७३ मोठ्या परावर्तक तबकड्यांच्या बळावर.

मग भंगारातले भिंग टाकून द्यावे काय? आमचे मत तसे नाही. ते शाळेच्या प्रयोगशाळेत यावे. पुस्तकातील केंद्रांतर तेथे डोळ्यांदेखत समजेल. मात्र प्रयोग शिक्षकांसमक्षच व्हावा, वेल्डिंगच्या काळ्या चष्म्यावाचून त्या बिंदूकडे कोणी पाहू नये, आणि काम संपताच भिंग जाड कापडात झाकावे. उघडे राहिलेले भिंग घर पेटवू शकते. घरातील साधा, काचेच्या चित्रनलिकेचा जुना संच तर कोणीच फोडू नये. त्यात हे भिंग नसतेच. उलट नलिका फुटण्याचे, विजेच्या धक्क्याचे व काचेतील शिशाचे भय मात्र असते.

आणि चुलीसाठी? आतून काळ्या रंगाची, वर दुहेरी काच व झाकणाला आरसा असलेली सौरपेटी आमची मुले स्वतः बनवू शकतील. तीत डाळभात सावकाश, पण ज्वाळेवाचून शिजतो. पावसाळ्यात व रात्री चूल लागेलच. तरीही कडक उन्हाच्या दिवसांत चार काटक्या वाचल्या, तरी डोक्यावरचा भार तेवढा उतरेल.

त्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर एवढेच : बाळा, एकट्या भिंगाने तुझ्या आईची मोळी हलकी होणार नाही. पण ऊन किती, भांडे केवढे आणि वेळ किती, हे मोजावयास तू शिकलास, तर ते काम तुझ्या हातून होईल.